तेराव्या कॉलमचा अर्थ: लिनक्स ब्लॉक लेयरच्या मेंटेनरांना खुलं पत्र

प्रिय येन्स अ‍ॅक्सबो आणि लिनक्स कर्नलचा ब्लॉक लेयर सांभाळणारे सर्व मेंटेनर,



डिस्कवर काय चाललं आहे हे लिनक्सला विचारायचं असेल तर सगळे रस्ते शेवटी प्रॉक फाइलसिस्टिममधल्या डिस्कस्टॅट्स या फाइलपाशी येतात. २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ कर्नलपासून ती आहे. आयओस्टॅट तीच वाचतं, सार तीच वाचतं, प्रोमिथियसचा नोड एक्स्पोर्टरही तीच वाचतो. पुण्यात किंवा बंगळुरूत रात्रपाळीला सर्व्हर सांभाळणारी टीम पडद्यावर डिस्कचा जो आलेख पाहते, त्याचं मूळ बहुतेक वेळा याच फाइलमध्ये असतं. त्या आलेखाच्या भरवशावर नवे ड्राइव्ह मागवले जातात, डेटाबेस दुसऱ्या मशीनवर हलवले जातात, कुणाला तरी पहाटे तीनला झोपेतून उठवलं जातं. म्हणून या पत्रातलं म्हणणं आधीच स्पष्ट मांडून ठेवणं बरं. कर्नलने डिस्कबद्दल निवाडा देऊ नये, मोजमाप द्यावं. ते मोजमाप कशाचं आणि कोणत्या एककात आहे हे आकड्याच्या शेजारीच लिहावं. आणि एखाद्या आकड्याला एकदा दिलेला अर्थ नंतर बदलू नये. युजरस्पेस मोडायचं नाही, या तुमच्या नियमाचा जगभर आदर आहे. पण आज तो नियम कॉलमच्या जागेला लागू आहे, कॉलमच्या अर्थाला नाही. माझी तक्रार आणि मागणी दोन्ही या एका फटीतून निघतात.

त्या फाइलमधली एक ओळ जवळून पाहू. आधी मेजर क्रमांक, मग मायनर क्रमांक, मग डिव्हाइसचं नाव. त्यापुढे नुसते आकडे, कशावरही नाव नाही. मुळात ते अकरा होते: पूर्ण झालेल्या रीड, एकत्र केलेल्या रीड, वाचलेले सेक्टर, रीडमध्ये गेलेले मिलिसेकंद, राइटचे तसेच चार, या क्षणी चालू असलेल्या रिक्वेस्ट, डिस्क कामात होती तो वेळ, आणि चालू रिक्वेस्टच्या संख्येने गुणलेला वेळ. २०१८ मध्ये ४.१८ कर्नलने डिस्कार्डचे चार आकडे जोडले, २०२० च्या सुरुवातीला ५.५ ने फ्लशचे दोन. आता ओळीत एकूण वीस कॉलम आहेत. त्यातला सेक्टर म्हणजे कायम ५१२ बाइट, ड्राइव्हचा खरा सेक्टर ४,०९६ बाइटचा असला तरी. ज्याने डॉक्युमेंटेशन वाचलेलं नाही तो खऱ्या सेक्टरच्या आकाराने गुणतो आणि आठपट चुकीचं उत्तर काढतो. ही चूक करणाऱ्याला दोष देणं सोपं आहे, पण आकड्यावर ‘बाइट’ असं लिहिलेलं असतं तर ती झालीच नसती.

खरा प्रश्न तेराव्या कॉलमचा आहे. डिस्क कामात होती तो वेळ तिथे मिलिसेकंदांत साठत जातो. दोन वाचनांमधला फरक घेऊन मधल्या वेळाने भागलं की आयओस्टॅटचा यूटिल टक्का मिळतो. ही कल्पना जन्मली तेव्हा निर्दोष होती. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या हार्ड डिस्कला एक फेरी पूर्ण करायला ८.३३ मिलिसेकंद लागतात. हेड एका वेळी एकाच ठिकाणी असतं, तेव्हा ‘कामात आहे’ याचा अर्थ ‘आणखी काम घेता येणार नाही’ याच्या बराच जवळ होता. नंतर डिव्हाइस बदलले. साटाच्या एनसीक्यूमध्ये बत्तीस रिक्वेस्ट एकदम देता येतात. एनव्हीएमईच्या स्पेसिफिकेशनमध्ये ६५,५३५ पर्यंत आय-ओ रांगा ठेवता येतात आणि प्रत्येक रांगेत हजारो कमांड. एसएसडीच्या आत अनेक फ्लॅश चिप एकाच वेळी काम करतात. हे सगळं तुम्हीच सर्वांत आधी ओळखलंत. म्हणून तर २०१४ च्या जानेवारीत ३.१३ कर्नलमध्ये अनेक रांगांचा नवा ब्लॉक लेयर आला आणि २०१९ मध्ये ५.० मध्ये जुना एकरांगी मार्ग काढून टाकला गेला. पण तेरावा कॉलम एका खिडकीच्या जगातच राहिला. मोठ्या स्टेशनवर तिकिटाच्या पन्नास खिडक्या आहेत आणि दिवसभर त्यातल्या कुठल्या ना कुठल्या एका खिडकीवर एक माणूस उभा आहे, तर हा कॉलम म्हणणार, तिकीटघर शंभर टक्के व्यस्त. एकोणपन्नास खिडक्या रिकाम्या आहेत हे त्यात कुठे दिसणारच नाही. आयओस्टॅटच्या मॅन पेजमध्येही आता लिहिलेलं आहे की रेड अ‍ॅरे आणि आधुनिक एसएसडीसारख्या समांतर काम करणाऱ्या डिव्हाइसच्या क्षमतेची मर्यादा या आकड्यावरून कळत नाही. त्याच आकड्यापासून काढला जाणारा एसव्हीसीटीएम, म्हणजे एका रिक्वेस्टला डिस्कने दिलेला सरासरी वेळ, यावर विश्वास ठेवू नका असा इशारा तिथे अनेक वर्षं छापलेला होता, आणि पुढे तो आकडा काढूनच टाकला गेला. साधनं लिहिणाऱ्यांनी आपल्या बाजूचं काम केलं. मूळ आकडा अजून तसाच आहे.

तसाच आहे हेही पूर्ण खरं नाही, आणि इथे माझी तक्रार गंभीर होते. ५.० कर्नलमध्ये या कॉलमची मोजण्याची पद्धत बदलली. आधी डिव्हाइसवर रिक्वेस्ट चालू असतानाचा वेळ जमा केला जायचा. ५.० पासून ज्या जिफीत, म्हणजे कर्नलच्या टायमरच्या दोन ठोक्यांमधल्या काळात, एखादी रिक्वेस्ट सुरू झाली किंवा संपली ती जिफी मोजली जाऊ लागली. तुमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये तशी नोंद आहे, आणि दोन जिफींपेक्षा लांब रिक्वेस्ट एकाच वेळी चालू असतील तर काही वेळ हिशेबातून सुटू शकतो हेही तिथे प्रामाणिकपणे लिहिलेलं आहे. याचा परिणाम एका साध्या उदाहरणात पाहता येतो. कर्नलचा टायमर सेकंदाला २५० वेळा चालतो असं धरू, म्हणजे एक जिफी चार मिलिसेकंदांची. एका एसएसडीवर सेकंदाला २५० छोट्या रिक्वेस्ट येतात, प्रत्येक जिफीत एक, आणि प्रत्येकीला ०.१ मिलिसेकंद लागतो. डिव्हाइस सेकंदातले एकूण २५ मिलिसेकंद कामात आहे, म्हणजे अडीच टक्के. जुनी पद्धत अशा वेळी सरासरीने खऱ्या आकड्याच्या आसपास राहायची. ५.० च्या व्याख्येनुसार मात्र प्रत्येक जिफी भरलेली, म्हणून टक्का शंभर. तोच ड्राइव्ह, तेच काम, फक्त कर्नल नवा, आणि आलेख तळातून थेट छताला. नंतरच्या आवृत्त्यांमध्येही ही आकडेमोड पुन्हा हातात घ्यावी लागली. कॉलम तेरावाच राहिला, कुठलाही प्रोग्राम कोसळला नाही, कुठलीही टेस्ट लाल झाली नाही. तरीही दोन वेगळ्या कर्नलवर चालणाऱ्या मशीनची तुलना त्या आकड्यावरून करणं व्यर्थ झालं. प्रोग्राम मोडला तर निदान कुणाला तरी कळतं. अर्थ मोडला तर कुणालाच कळत नाही, म्हणून तो अधिक जपायला हवा.

तुमचं यावरचं उत्तर समजण्यासारखं आहे. हा बदल हौसेने झाला नव्हता. प्रत्येक रिक्वेस्टच्या सुरुवातीला आणि शेवटी सगळ्या सीपीयूंवरच्या चालू रिक्वेस्टची बेरीज करणं हा सेकंदाला लाखो रिक्वेस्ट पेलणाऱ्या मार्गावरचा फार महाग सौदा होता, आणि मोजण्यासाठी डिस्कलाच हळू करणं कुणालाही परवडणारं नाही. मान्य. पण जो आकडा जुन्या अर्थाने मोजणं परवडत नाही, तो त्याच नावाखाली दुसऱ्या अर्थाने देत राहणं हा एकमेव पर्याय नव्हता. तो गोठवून शून्य करता आला असता, किंवा नवा आकडा ओळीच्या शेवटी नव्या जागी ठेवता आला असता. शून्य दिसलं की माणूस विचारतो, हे काय झालं? खोटा शंभर दिसला की तो नवा ड्राइव्ह मागवतो.

मग कर्नलने मोजायचं काय? मला वाटतं, ‘किती व्यस्त’ हा प्रश्नच कर्नलने सोडून द्यावा आणि ‘किती वेळ लागला’ याचं पूर्ण उत्तर द्यावं. आज ते अर्धंच मिळतं. रीडमध्ये गेलेला एकूण वेळ भागिले रीडची संख्या, एवढीच सरासरी हाती येते. समजा दहा हजार रीड झाल्या. त्यातल्या ९,९०० ना प्रत्येकी ०.१ मिलिसेकंद लागला आणि १०० ना प्रत्येकी ५० मिलिसेकंद. एकूण ५,९९० मिलिसेकंद, सरासरी जेमतेम ०.६. हा आकडा पाहून कुणीही म्हणेल, डिस्क झकास चालली आहे. पण डेटाबेसच्या एका क्वेरीला शंभर रीड लागत असतील आणि त्या संथ रीड सगळीकडे विखुरलेल्या असतील, तर निम्म्याहून अधिक क्वेरींना किमान एक ५० मिलिसेकंदांचा धक्का बसतो. ग्राहकाची तक्रार खरी असते आणि आलेख मात्र शांत असतो. एसएसडीतलं गार्बेज कलेक्शन, फ्लॅशच्या वाचनात पुन्हा पुन्हा करावे लागणारे प्रयत्न, क्लाउड व्हॉल्यूमवरचं थ्रॉटलिंग, ही आजची दुखणी बहुतेक वेळा या मोजक्या संथ रिक्वेस्टच्या शेपटीत असतात आणि सरासरी नेमकी तीच गिळून टाकते. म्हणून प्रत्येक डिव्हाइससाठी रीड, राइट, डिस्कार्ड आणि फ्लश यांचा वेगवेगळा लेटन्सी हिस्टोग्राम हवा. कप्प्यांच्या सीमा नॅनोसेकंदांत, दोनाच्या घातांनी वाढणाऱ्या. काउंटर बूटपासून फक्त वाढत जाणारे. त्यातून नव्व्याण्णवावा पर्सेंटाइल काढायचा की आणखी काही, हे ज्याचं त्याने युजरस्पेसमध्ये ठरवावं.

याचा खर्च किती? रिक्वेस्ट संपली की लागलेला वेळ नॅनोसेकंदांत आजही काढला जातोच. २०१८ मध्ये जिफीपेक्षा लहान रिक्वेस्टचा वेळ शून्य धरला जातो हे लक्षात आल्यावर तुम्हीच हा हिशेब नॅनोसेकंदांवर नेलात. घड्याळ वाचण्याचा खर्च कमी व्हावा म्हणून रिक्वेस्ट थोडा वेळ एकत्र धरून ठेवणाऱ्या प्लगमध्ये वेळ साठवून ठेवण्याची सोयही तुम्हीच केलीत. म्हणजे वर लागतं ते एवढंच: त्या वेळाचा सर्वांत वरचा बिट कोणता ते काढायचं आणि त्या सीपीयूच्या स्वतःच्या काउंटरमध्ये एक मिळवायचा. बत्तीस कप्पे, प्रत्येकी आठ बाइट, चार प्रकार, म्हणजे दर सीपीयूमागे एक किलोबाइट. १२८ सीपीयूंच्या मशीनवर एका ड्राइव्हमागे १२८ किलोबाइट. पार्टिशनसाठी हे करायची गरज नाही, अख्ख्या डिस्कपुरतं पुरे. ज्यांना एवढंही नको असेल त्यांच्यासाठी प्रत्येक रांगेचा आयओस्टॅट्स हा स्विच सिसएफएसमध्ये आधीपासून आहेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: हिस्टोग्राम हवा असेल तर कर्नलच्या आत छोटे प्रोग्राम चालवणारं ईबीपीएफ आहे, त्यावरचं बायोलेटन्सी चालवा आणि पाहा. बायोलेटन्सी हे उत्तम साधन आहे आणि त्याच्याबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. पण ते आधीपासून चालू नसेल तर काल रात्री काय झालं ते सांगू शकत नाही. बूटपासून साठत जाणारा काउंटर मात्र घटना घडून गेल्यावरही दोन नोंदींच्या फरकातून बोलतो. ईबीपीएफला विशेष अधिकार लागतात आणि अनेक कंपन्यांत ज्याच्या डोक्यावर जबाबदारी असते त्याच्या हातात ते अधिकार नसतात. डिस्कस्टॅट्स कोणीही वाचू शकतो. शिवाय ही साधनं कर्नलच्या आतल्या ज्या फंक्शनांवर हुक लावत होती, त्यांची नावं बदलली, काही इनलाइन झाली, आणि साधनांना दर वेळी त्यांच्या मागे धावावं लागलं. शेवटी २०२३ मध्ये रिक्वेस्ट सुरू होण्याचा आणि संपण्याचा वेगळा ट्रेसपॉइंट द्यावा लागला. खोल तपास ईबीपीएफने करावा, ब्लॉकट्रेसने करावा. पण मशीनला रोज विचारायच्या प्रश्नाचं उत्तर खोल तपासाच्या साधनावर सोडून देता येणार नाही.

मांडणीबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण आकडा चांगला असून मांडणी वाईट असली की तोही वाया जातो. ४.१८ ने ओळीच्या शेवटी चार आकडे जोडले तेव्हा पायथनच्या पीएसयूटिल लायब्ररीतलं डिस्कचे काउंटर वाचणारं फंक्शनच बंद पडलं, कारण ते ओळीतले कॉलम मोजून तिचा प्रकार ठरवत होतं. दुरुस्ती लवकर झाली. पण नाव नसलेल्या आकड्यांच्या ओळीत जागा मोजण्याखेरीज वाचणारा दुसरं काय करणार? याहून चांगला नमुना कर्नलमध्येच तयार आहे. सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीतली आय-ओ स्टॅट फाइल पाहा: डिव्हाइसचे क्रमांक, मग आरबाइट्स बरोबर इतके, डब्ल्यूबाइट्स बरोबर इतके, आरआयओज बरोबर इतके. प्रत्येक आकड्याला नाव, मोजमाप बाइटमध्ये, आणि उद्या नवी जोडी आली तरी जुना वाचक ती ओळखत नसल्यास नुसती ओलांडून पुढे जातो. डिव्हाइसच्या आकडेवारीलाही हेच रूप द्या. सिसएफएसमध्ये एका फाइलमध्ये एकच आकडा असावा असा सर्वसाधारण संकेत आहे, आणि डिस्कच्या स्टॅट फाइलसाठी तो का मोडला याचं तुमचं स्पष्टीकरण मला पूर्ण पटतं: आकडे वेगवेगळ्या फाइलींत विभागले तर ते एकाच क्षणाचे आहेत याची खात्री कुणीच देऊ शकणार नाही. तोच विचार आणखी एक पाऊल पुढे न्या. सोलारिसच्या केस्टॅटमध्ये प्रत्येक नोंदीसोबत ती कोणत्या क्षणी घेतली आणि ते काउंटर कधी जन्मले, दोन्ही नॅनोसेकंदांत मिळतात. फ्रीबीएसडीच्या डेव्हस्टॅटमध्ये नोंदीला दोन अनुक्रमांक असतात. ते जुळले तरच वाचणाऱ्याने आकडे सुसंगत मानायचे. आपल्याकडे मात्र आकडे एका फाइलमधून आणि वेळ भलतीकडून घ्यावा लागतो. मशीन गळ्यापर्यंत बुडालेलं असताना, म्हणजे आकड्यांची सर्वांत जास्त गरज असते त्याच वेळी, या दोन वाचनांमधलं अंतर वाढतं. नव्या ओळीत वेळेचा शिक्का हवा. ५.१५ पासून असलेला डिस्कसीक हा क्रमांकही हवा, म्हणजे ड्राइव्ह काढून त्याच नावाने दुसरा लागला तर वाचणाऱ्याला कळेल की काउंटर मागे गेले नाहीत, डिव्हाइसच वेगळं आहे.

मिलिसेकंदांचं एकक सोडण्यामागे आणखी एक व्यावहारिक कारण आहे. आत चौसष्ट बिटांत नॅनोसेकंद आहेत, पण छापताना ते बत्तीस बिटांच्या मिलिसेकंदांत कोंबले जातात. बत्तीस बिटांत मिलिसेकंद ४९.७ दिवसांचे मावतात. हार्ड डिस्कच्या काळात ते पुष्कळ होते. आज सरासरी शंभर रिक्वेस्ट सतत चालू असलेल्या एनव्हीएमई ड्राइव्हवर चौदाव्या कॉलमचा, म्हणजे चालू रिक्वेस्टच्या संख्येने गुणलेल्या वेळाचा, काउंटर बारा तासांच्या आत पूर्ण फेरी मारून शून्यावर येतो. डॉक्युमेंटेशन म्हणतं की साधनांनी याची तयारी ठेवावी. मिनिटाला एकदा वाचणारी साधनं ती ठेवतातही. पण दिवसातून एकदा नोंद घेणाऱ्या स्क्रिप्टला मधे किती फेऱ्या झाल्या हे कळण्याचा कुठलाच मार्ग नाही.

आता तुमच्या बाजूने सर्वांत मोठी अडचण. नवी फाइल म्हणजे कायमचं ओझं. आज हिस्टोग्रामच्या सीमा ठरवल्या की वीस वर्षं त्या सांभाळाव्या लागतील, आणि तेराव्या कॉलमची गोष्ट आणखी एकदा घडेल. ही भीती रास्त आहे. पण तेरावा कॉलम फसला तो एका गृहीतकामुळे: डिव्हाइस एका वेळी एकच काम करतं. हिस्टोग्रामच्या मागे डिव्हाइसच्या रचनेबद्दल असं कुठलंही गृहीतक नाही. रिक्वेस्ट दिली आणि ती परत आली, यामधला वेळ फिरत्या डिस्कवरही तोच अर्थ सांगतो, फ्लॅशवरही, आणि नेटवर्कपलीकडच्या व्हॉल्यूमवरही. सीमा ओळीतच छापल्या तर वाचणाऱ्याला त्या गृहीत धराव्या लागणार नाहीत. उद्या कप्पे अधिक बारीक करावेसे वाटले तर नव्या नावाने नवी ओळ येईल, जुनी तशीच चालू राहील. तयार टक्के हवे असलेल्यांचं काय, असंही कुणी विचारेल. २०१८ च्या डिसेंबरमध्ये ४.२० कर्नलमध्ये आलेल्या पीएसआयने, म्हणजे प्रेशर स्टॉल इन्फर्मेशनने, त्याचा चांगला धडा घालून दिला आहे. तिथे दहा, साठ आणि तीनशे सेकंदांच्या सरासरी आहेत, पण शेजारीच मायक्रोसेकंदांत साठत जाणारी एकूण बेरीजही आहे. ज्याला सरासरी पटत नाही त्याने स्वतःच्या मापाची काढावी. शिवाय डिस्कमुळे कामं खोळंबली का, हा यूटिल टक्क्याकडून लोक ज्याची अपेक्षा करत आले तो प्रश्न पीएसआय थेट विचारतं, आणि तोही कामाच्या बाजूने. ब्लॉक लेयरने तो प्रश्न पीएसआयवर निर्धास्तपणे सोडावा.

सगळं एकदम व्हावं असा आग्रह नाही. जुनी डिस्कस्टॅट्स फाइल तशीच राहू द्या, तिचा एकही कॉलम हलवू नका. पहिल्या पॅचमध्ये प्रत्येक डिस्कसाठी नावं असलेली एक नवी फाइल द्या, तिच्यात आजचेच काउंटर बाइट आणि नॅनोसेकंदांत, पूर्ण चौसष्ट बिटांत, वेळेच्या शिक्क्यासह असू द्या. ‘व्यस्त वेळ’ हा आकडा मात्र तिच्यात आणू नका. हिस्टोग्राम दुसऱ्या पॅचमध्ये, एक बिल्डचा पर्याय म्हणून आला तरी चालेल, म्हणजे त्याचा खर्च खऱ्या मशीनवर मोजून मगच तो सर्वांसाठी चालू करायचा की नाही हे ठरवता येईल. आणि ब्लॉक लेयरच्या नियमांत एक ओळ घाला: आकडेवारीच्या एखाद्या आकड्याची व्याख्या बदलणारा पॅच हा कॉलम काढून टाकणाऱ्या पॅचइतकाच युजरस्पेस मोडणारा मानला जाईल आणि त्याच निकषावर अडवला जाईल. ही ओळ लिहायला एकही सीपीयू सायकल लागत नाही, त्यामुळे पुढच्या मर्ज विंडोची वाट न पाहता ती आजच घालता येईल.

आपला विश्वासू,
लिनक्सचा एक वापरकर्ता